घरी आणलेला जुना लेथ आणि त्याची जोडणी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कोल्हापूरच्या उद्यमनगरात ३४ वर्षे टर्नर म्हणून काम केल्यानंतर मी बंद पडलेल्या एका वर्कशॉपमधला सहा फुटी लेथ (धातूचा तुकडा फिरवत कापून त्याला आकार देणारे यंत्र) विकत घेऊन घरामागच्या शेडमध्ये बसवला. असे लेथ भंगाराच्या भावात मिळत असल्याने आता बरीच हौशी मंडळी ते घरी आणत आहेत, याचा मला मनापासून आनंद आहे. पण त्यांच्या वीजजोडणीत जी बेफिकिरी दिसते, तिची काळजी वाटते.

लेथची मोटर बहुधा ४१५ व्होल्टच्या थ्री-फेजवर चालणारी असते आणि घरात २३० व्होल्टचा सिंगल फेज. माझी दोन हॉर्सपॉवरची मोटर स्टारमध्ये (आतल्या तीन वेटोळ्यांची एकेक टोके एकत्र जोडलेली) होती. तिची सहाही टोके टर्मिनल बॉक्समध्ये असल्याने पट्ट्या बदलून ती डेल्टात (वेटोळी त्रिकोणात जोडून) करता आली, आणि तिला लागणारा सुमारे २४० व्होल्टचा थ्री-फेज आता सिंगल फेजवर चालणारा व्हीएफडी ड्राइव्ह (सिंगल फेजपासून थ्री-फेज तयार करून मोटर चालवणारे उपकरण) पुरवतो. मात्र डेल्टात मोटर साडेतीनऐवजी सहा अँपिअर घेते, त्यामुळे ड्राइव्ह त्या हिशेबाने निवडावा लागतो आणि मीटरपासून स्वतंत्र लाइन व पक्के अर्थिंग द्यावे लागते. लेथवरचा जुना फॉरवर्ड-रिव्हर्स स्विच ड्राइव्ह आणि मोटर यांच्यामध्ये कदापि ठेवू नये. चालू मोटरची जोडणी तिथे तोडली तर ड्राइव्ह जळू शकतो.

माझ्याकडे वायरमनने ड्राइव्हला साधा खटका जोडला होता. एकदा काम चालू असताना वीज गेली, मी खटका बंद न करता, जॉब (कापायचा तुकडा) सैल करायला लावलेली चावी चकमध्येच (जॉब पकडणाऱ्या फिरत्या भागातच) ठेवून घरात गेलो. वीज येताच लेथ आपोआप फिरला आणि चावी उडून पत्र्यावर आदळली. तो पोचा अजून तिथे आहे, आणि त्याच पत्र्यालगत माझी नातवंडे खेळतात. दुसऱ्याच दिवशी मी हिरवे-लाल पुश बटण बसवून घेतले. वीज आल्यावर हिरवे बटण पुन्हा दाबल्याशिवाय आता लेथ हलत नाही.

ज्यांचा चक आट्यांवर (स्क्रूसारखा फिरवून) बसतो, त्यांनी ड्राइव्हवर थांबण्याचा वेळ वाढवून ठेवावा, कारण झटक्यात थांबवल्यास चक आट्यांवरून सुटू शकतो.

या गोष्टी टर्नरला अर्ध्या आणि वायरमनला अर्ध्या ठाऊक असतात. म्हणून आयटीआयमधील टर्नर व इलेक्ट्रिशियन या दोन्ही ट्रेडच्या निदेशकांनी एकत्र येऊन घरी लेथ बसवणाऱ्यांसाठी एखाद्या रविवारी प्रात्यक्षिक ठेवावे, अशी माझी विनंती आहे. त्यासाठी माझा लेथ आणि शेड मी आनंदाने देईन.

आपला विश्वासू,
एक निवृत्त टर्नर, कोल्हापूर