मतपेटीचा पुरावा जपणारी डॉक्टर

संपादक महोदय,

तुर्कस्तानातील विरोधकांविषयीच्या बातम्या मार्च 2025 पासून एकरेम इमामोग्लू यांच्या अटकेभोवतीच फिरत आहेत. 2019 मध्ये त्यांना इस्तंबूलच्या महापौरपदापर्यंत नेणारी यंत्रणा चालवली डॉ. जानान काफ्तान्जिओग्लू यांनी. त्यांचे नाव मात्र क्वचितच येते. त्या न्यायवैद्यक शास्त्राच्या तज्ज्ञ. 1995 मध्ये इस्तंबूल विद्यापीठातून वैद्यकीय पदवी, पुढे रिपब्लिकन पीपल्स पार्टी या प्रमुख विरोधी पक्षात काम आणि जानेवारी 2018 मध्ये पक्षाच्या इस्तंबूल प्रांताचे अध्यक्षपद. त्यांचे सासरे, लेखक व पत्रकार उमित काफ्तान्जिओग्लू यांची एप्रिल 1980 मध्ये हत्या झाली होती.

जखमेचे वळ काही दिवसांत विरतात, म्हणून न्यायवैद्यकात नोंद तत्काळ, मोजमापासह आणि सहीनिशी करावी लागते. मतमोजणीलाही हाच नियम लागू पडतो, असे मला वाटते. तुर्कस्तानात प्रत्येक मतपेटीवर सात जणांचे मंडळ असते. अध्यक्ष आणि एक सदस्य सरकारी कर्मचारी, उरलेले पाच पक्षांचे. मतदान संपले की तिथेच, लोकांसमोर, आधी मतपत्रिकांचे लिफाफे मोजून मतदार यादीवरील सह्यांशी ताडतात. मग एकेक मतपत्रिका वाचून दाखवतात. शेवटी निकालपत्रकावर सर्वांच्या सह्या आणि शिक्का. त्याची प्रत पक्षाच्या प्रतिनिधीला मिळते. घोळ होतो तो पुढे, जिल्हा मंडळात हे आकडे संगणकात भरताना: एक ओळ चुकली की एका पक्षाची मते शेजारच्या पक्षाच्या नावावर जातात. हातात शाईच्या सहीचे पत्रक नसेल तर अशी चूक दाखवणार कशी?

इस्तंबूलमध्ये अशा 31 हजारांहून अधिक पेट्या होत्या. 31 मार्च 2019 ला, मतदानाच्या रात्री, सत्ताधारी पक्षाचे उमेदवार बिनाली यिल्दिरिम यांनी विजय जाहीर केला आणि अनादोलू या सरकारी वृत्तसंस्थेचे आकडे तासन्‌तास थांबले. विरोधक गडबडले नाहीत, कारण पेट्यांवरची पत्रके त्यांच्याकडे जमली होती. इमामोग्लू यांची सुमारे 13 हजार मतांची आघाडी त्यांनी कागदावर दाखवून दिली.

6 मे रोजी देशाच्या सर्वोच्च निवडणूक मंडळाने 7 विरुद्ध 4 मतांनी शहराच्या महापौरपदाची निवडणूक रद्द केली. काही पेट्यांचे अध्यक्ष सरकारी कर्मचारी नव्हते, मतमोजणीच्या काही तक्त्यांवर सह्या नव्हत्या, हे कारण. पण त्याच लिफाफ्यांत शहरातील जिल्ह्यांचे महापौर, नगरसेवक आणि मुख्तार (मोहल्ल्याचे प्रमुख) यांच्याही मतपत्रिका होत्या आणि त्या मात्र वैध ठरल्या! हा निर्णय मला आजही असमर्थनीय वाटतो. 23 जूनच्या फेरमतदानात आघाडी आठ लाखांवर गेली.

त्यानंतर पाचच दिवसांनी, 28 जूनला, काफ्तान्जिओग्लू यांच्यावरील खटल्याची पहिली सुनावणी झाली. पुरावा होता 2012 ते 2017 मधील त्यांच्या ट्वीट्सचा. सप्टेंबरमध्ये पाच आरोपांवर 9 वर्षे 8 महिने 20 दिवसांची शिक्षा झाली. मे 2022 मध्ये वरिष्ठ न्यायालयाने राष्ट्राध्यक्षांचा अवमान, सरकारी अधिकाऱ्याचा अवमान आणि राज्याची बदनामी हे तीन आरोप कायम ठेवून शिक्षा 4 वर्षे 11 महिने 20 दिवसांवर आणली. मात्र या शिक्षेसोबत राजकीय बंदीही आली आणि 2023 ची निवडणूक लढवण्याचा मार्ग त्यांच्यासाठी बंद झाला.

– एक वाचक