‘मलाही कळत नाहीये’ म्हणणाऱ्या मॅडमना

मॅडम,
स.न.वि.वि.

उशीर झालाय, पण आभार मानल्याशिवाय राहवत नाही. “सांगितलंय तेवढं करा, नसते फाटे फोडू नका” असं ऐकवणारे वरिष्ठ पुष्कळ भेटले. प्रश्न आला की त्यांना आपली खुर्चीच हलल्यासारखं वाटायचं. तुम्ही अहवालातला विचित्र आकडा खोडला नाहीत. त्याभोवती पेन्सिलीने बारीक गोल केलात, म्हणालात, “हा असा का आला असेल? मलाही कळत नाहीये.” आणि तो सगळ्यात आधी ज्या नवख्या मुलीच्या लक्षात आला होता, तिचं नाव शेजारी लिहिलंत. बस, एवढंच.

१९६७ साली केंब्रिजमध्ये संशोधन करणारी जोसलिन बेल रेडिओ दुर्बिणीच्या नोंदींचा रोजचा जवळपास तीस मीटर कागद डोळ्यांनी तपासायची. त्यात एक बारीकशी खूण तिला खटकली. कागदाचा वेग वाढवून पुन्हा नोंद घेतली, तेव्हा साधारण दर १.३ सेकंदांनी येणारे ठोके दिसले: पहिला पल्सार, म्हणजे ठरावीक अंतराने रेडिओ लहरींचे ठोके देणारा, गरगर फिरणारा तारा. या शोधासाठी १९७४चं नोबेल मिळालं ते तिच्या मार्गदर्शकांना. म्हणून तुमच्या त्या पेन्सिलीचं अप्रूप. दुसऱ्याचं श्रेय त्यालाच देणारी माणसं असली की बाकीचेही खटकलेलं बोलून दाखवतात.

तुमची प्रश्न टिपायच्या वहीची पद्धत आता अख्ख्या टीमने उचलली आहे. डाव्या पानावर तारीख आणि प्रश्न, उजव्या पानावर आपला अंदाज. अंदाज आधी, शोधाशोध नंतर. उत्तर आधी वाचलं की ‘हे तर ठाऊकच होतं’ असं वाटतं आणि आपण कुठे चुकलो असतो ते कळतच नाही. खाली एक ओळ: काय दिसलं तर हा अंदाज खोटा? आठवड्याला अर्धा तास, प्रश्न एकच. ‘विक्री का घटली’ वर्षभर तसाच पडून राहतो. ‘परत आलेला माल मंगळवारीच जास्त का’ हा अर्ध्या तासात तपासून होतो. आणि समोरच्याला ‘असं का केलंत?’ विचारलं की तो सारवासारव करतो, ‘काय काय झालं, क्रमाने सांगाल?’ म्हटलं की सगळं सांगतो, हेही तुमच्याकडूनच घेतलं.

एक तक्रार आहे. बंद न झालेल्या प्रश्नांचं काय करायचं, ते तुम्ही सांगितलं नाहीत. सध्या तीन महिन्यांनी ते नव्या पानावर उतरवतो. जो उतरवायचा कंटाळा येतो, तो सोडून देतो.

कळावे, लोभ असावा.