यंत्रातल्या लिनक्सची मूळ शाखा निविदेत विचारा

मा. संपादक,

पाण्याच्या टाक्यांवर, रोहित्रांजवळ, सिग्नलच्या खांबांवर हल्ली ज्या लहान संगणकीय पेट्या बसतात, त्यांतल्या बऱ्याच लिनक्स या मुक्त संगणक-प्रणालीवर चालतात. अशाच पेट्यांचे लिनक्स अद्ययावत ठेवण्याचे काम मी करतो. पालिका आणि वीज कंपन्यांनी खरेदीच्या वेळी विक्रेत्याला विचारलेच पाहिजे: तुम्ही लिनक्सच्या कोणकोणत्या मूळ शाखांवर, म्हणजे जिथून त्याचा कोड आणि दुरुस्त्या येतात त्या प्रवाहांवर, लक्ष ठेवता?

लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांच्या मुख्य शाखेतून नवी आवृत्ती साधारण 9-10 आठवड्यांनी निघते. ग्रेग क्रोआ-हार्टमन आणि साशा लेविन जुन्या आवृत्त्यांच्या ‘स्टेबल’ शाखा सांभाळतात. तिथे दुरुस्ती घेण्याआधी ती मुख्य शाखेत आलेली असावी लागते. तिसरी शाखा चिप बनवणाऱ्या कंपनीची, आणि पेटीत बहुधा तीच भरली जाते. माझ्याकडच्या पेटीच्या चिपबरोबर आलेली शाखा लिनक्सच्या 5.10 या आवृत्तीची आहे, पण स्टेबलच्या कितीतरी मागे थांबलेली. सुरक्षेच्या दुरुस्त्या जगाला मिळाल्या तरी त्या पेटीपर्यंत आपोआप पोचत नाहीत.

गिट या कोडमधले बदल नोंदवणाऱ्या साधनात तिन्ही शाखांचे पत्ते (‘रिमोट’) जोडून त्यांतले नवे बदल उतरवून (‘फेच’) घेता येतात. त्याने आपल्या कामाला धक्का लागत नाही. स्टेबलमध्ये आहेत आणि आपल्याकडे नाहीत अशा कमिटांची (नोंदवलेल्या बदलांची) यादी लॉगमधून, म्हणजे बदलांच्या इतिहासातून, निघते. मात्र चेरी-पिक केलेल्या (दुसऱ्या शाखेतून एकेक उचलून आणलेल्या) दुरुस्तीचा हॅश (ओळख क्रमांक) बदलतो, त्यामुळे आधीच घेतलेली दुरुस्तीही राहून गेल्यासारखी दिसते. स्टेबलच्या कमिट संदेशात मुख्य शाखेतला हॅश दिलेला असतो, तो जुळवत बसावे लागते. खरा वेळ इथे जातो, आणि चिप कंपनीने बदललेल्या ड्रायव्हरमधले (यंत्राचे भाग चालवणाऱ्या कोडमधले) कॉन्फ्लिक्ट (एकाच जागी झालेले परस्परविरोधी बदल) सोडवण्यात. हे चिकाटीचे काम आहे. त्याचे पैसे करारात धरले नाहीत तर कोणी करत नाही. आमच्याकडे येणाऱ्या नव्या पदवीधरांना तर ‘ओरिजिन’ या आपोआप जोडल्या जाणाऱ्या पहिल्या रिमोटपलीकडचा रिमोट माहीतच नसतो.

पेटी खांबावर दहा वर्षे राहते. डिसेंबर 2020 मध्ये आलेल्या 5.10 ला स्टेबलचा आधार जाहीर झाला तो डिसेंबर 2026 पर्यंत. पुढे काय? लिनक्स फाउंडेशनचा सिव्हिल इन्फ्रास्ट्रक्चर प्लॅटफॉर्म हा प्रकल्प 2016 पासून नेमका अशाच यंत्रांसाठी निवडक आवृत्त्या किमान दहा वर्षे सांभाळतो, आणि त्यांत 5.10 आहे. तो चौथा रिमोट जोडायला एक ओळ पुरते.

निविदेत मूळ शाखेचे नाव मागावे, आणि राहिलेल्या दुरुस्त्यांची यादी दर तिमाहीला देण्याचे बंधन विक्रेत्यावर घालावे.

– एक एम्बेडेड अभियंता, कोथरूड, पुणे