नवशिक्याला समोर बसवून तयार केलेले मराठी संकेतस्थळ हवे

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

एसएसएलसीचा, म्हणजे दहावीचा, निकाल लागला की ‘पुढे काय’ या विषयावरचे लेख आपल्या वृत्तपत्रात येऊ लागतात आणि त्यांत संगणकाचा उल्लेख हमखास असतो. त्या निमित्ताने एका उणिवेकडे लक्ष वेधावे म्हणून हे पत्र लिहीत आहे. बेळगाव जिल्ह्याच्या खानापूर तालुक्यातील आमच्या गावच्या वाचनालयात मी गेली चार वर्षे दर रविवारी मराठी माध्यमाच्या मुलामुलींना वेबपेज तयार करायला शिकवतो. घरी गेल्यावर उघडून बघता येईल आणि पहिल्या धड्यापासून बोट धरून पुढे नेईल, असे एकही मराठी संकेतस्थळ मला या मुलांना आजवर सुचवता आलेले नाही. इंग्रजीत अशी संकेतस्थळे उत्तम आहेत. मोझिलाच्या एमडीएन या वेबपेज शिकवणाऱ्या संकेतस्थळाचा मी स्वतः नेहमी आधार घेतो. परंतु त्यांचे नुसते भाषांतर करून आपले काम भागेल असे मला वाटत नाही. आपली मुले जिथे अडखळतात, ते अडथळे इंग्रजीत लिहिणाऱ्याच्या वाट्याला बहुधा येतच नाहीत.

गेल्या पावसाळ्यात नववीतल्या एका मुलीने घरच्या भातशेतीविषयी पान करायला घेतले. नोटपॅडमध्ये तिने सगळे नीट टाईप केले, फाइलला नाव दिले आणि ती उघडली, तर समोर पान दिसण्याऐवजी तिने लिहिलेले टॅग, म्हणजे ब्राउझरला सूचना देणाऱ्या टोकदार कंसातल्या खुणा, जसेच्या तसे दिसू लागले. आपलेच काहीतरी चुकले असे समजून तिने दोनदा सगळे पुसून पुन्हा लिहिले. वास्तविक तिच्या लिखाणात एकही चूक नव्हती. नोटपॅडने तिने दिलेल्या नावाच्या शेवटी ‘डॉट टीएक्सटी’ ही साध्या मजकुराची खूण जोडली होती आणि विंडोज नावाचा हा शेवटचा तुकडा सहसा दाखवतच नाही, त्यामुळे तो तिला दिसण्याचा प्रश्नच नव्हता. ते दुरुस्त केल्यावर पान उघडले खरे, पण मराठी मजकुराच्या जागी ओळीने प्रश्नचिन्हे उभी होती. वाचनालयाचा संगणक जुना आहे. जुने नोटपॅड फाइल साठवताना आपण होऊन अशी पद्धत निवडते की, तिच्यात देवनागरी अक्षरांना जागाच नसते. मध्ये येणारी सूचना न वाचता पुढे गेले की प्रत्येक अक्षराचे प्रश्नचिन्ह होते, आणि फाइल एकदा बंद केली की मूळ मजकूर परत मिळत नाही. तिची दीड तासाची मेहनत अशी गेली. विंडोज १० मध्ये २०१९ सालच्या सुधारणेपासून नोटपॅड आपोआप यूटीएफ-८ ही देवनागरीलाही जागा असलेली पद्धत वापरू लागले, परंतु खेड्यापाड्यांतील शाळा-वाचनालयांतून त्याआधीची यंत्रे अजून चालू आहेत. इंग्रजी मजकूर दोन्ही पद्धतींत सारखाच साठवला जातो, म्हणून इंग्रजी धड्यांत या गोष्टीवर थांबण्याची कोणाला गरज भासत नाही. आपल्या संकेतस्थळावर मात्र फाइल साठवायला शिकवताना हाच पहिला धडा असला पाहिजे, आणि चूक झालेले पान कसे दिसते त्याचे चित्रही तिथेच हवे.

पानाची भाषा सांगणाऱ्या खुणेचीही तीच गोष्ट. पान मराठीत आहे हे ‘एमआर’ या दोन अक्षरांनी ब्राउझरला सांगितले की, फॉन्टमध्ये सोय असल्यास ल आणि श मराठी वळणाचे दिसतात आणि दृष्टिहीनांसाठी पान वाचून दाखवणाऱ्या प्रणालीला योग्य आवाज निवडता येतो. आपल्या भागात तर एकाच पानावर दोन भाषा येणे हे रोजचेच आहे. शहापूर-वडगावच्या एखाद्या साडीच्या दुकानाचे पान करायचे झाले, तर एक ओळ मराठीत आणि एक कन्नडमध्ये लागणारच. मग कन्नड ओळीला ‘केएन’ ही खूण कशी लावायची, हे शिकवायला याहून चांगले उदाहरण नाही. हेच धडे कन्नड माध्यमाच्या मुलांसाठीही तयार झाले तर मला आनंदच होईल, कारण त्यांची अडचणही अगदी हीच आहे.

परिभाषेबद्दल माझे मत असे की टॅग, फाइल, ब्राउझर, लिंक हे शब्द जसे आहेत तसे राहू द्यावेत, समजावून सांगणे मात्र सरळ मराठीत असावे. लिंकसाठी लिहायचा ‘ए’ हा ‘अँकर’चा, म्हणजे नांगराचा, असे मी सांगितले तेव्हा एका मुलाने “शेतातला की जहाजाचा?” असे विचारले होते. प्रश्न अगदी रास्त होता. जहाजाचा, असे सांगून फळ्यावर चित्र काढले आणि त्यानंतर तो टॅग वर्गात कोणीही विसरले नाही.

बहुतेक घरांत मोबाइल एकच असतो आणि तो वडील घरी आल्यावर तासाभरासाठी हाती येतो. त्यामुळे धडे व्हिडिओंवर न बेतता मजकुराचे आणि हलके असावेत, आणि धड्याखालीच लिहून बघायची चौकट असावी, म्हणजे पहिल्या दहा मिनिटांत स्वतःचे नाव पानावर झळकलेले दिसेल. मात्र मुलाला त्या चौकटीतच अडकवून ठेवू नये. चार-पाच धड्यांनंतर त्याने स्वतःची फाइल स्वतः साठवलीच पाहिजे. रंग-रूपाचे सीएसएस त्यानंतर यावे, पानात हालचाल आणणाऱ्या जावास्क्रिप्टची तर मुळीच घाई नको. वेबचे निर्माते टिम बर्नर्स-ली यांनी १९९१ साली सर्न या संशोधन संस्थेत जगापुढे ठेवलेले पहिले संकेतस्थळ नुसता मजकूर आणि लिंक एवढेच होते, आणि ती पाने आजच्या साध्या मोबाइलवरही उघडतात. ३० एप्रिल १९९३ रोजी सर्नने वेबचे हे तंत्र कोणालाही विनामूल्य वापरण्यास खुले केले. ते आपल्या मुलांपर्यंत त्यांच्या भाषेत पोहोचू नये, याचे मला फार वाईट वाटते.

विश्वेश्वरय्या तंत्रशास्त्र विद्यापीठाचे मुख्यालय बेळगावातच आहे. येथील मराठी शाळांतून शिकलेले कितीतरी अभियंते आज पुण्यात आणि बंगळूरमध्ये हेच काम करत आहेत. त्यांनी एकत्र येऊन हे संकेतस्थळ उभारावे, अशी माझी कळकळीची विनंती आहे. अट एकच: प्रत्येक धडा प्रसिद्ध करण्याआधी एखाद्या नवशिक्या मुलाला तो एकट्याने करू द्यावा, आपण शेजारी गप्प बसावे आणि तो कुठे थांबतो ते लिहून घ्यावे. जिथे तो थांबेल तिथे धडा बदलावा. यासाठी आमचे वाचनालय रविवारी सकाळी दहा ते एक खुले असते आणि बसायला मुले तयार आहेत. चार वर्षांत मुलांकडून झालेल्या चुका मी तारीखवार एका वहीत टिपून ठेवल्या आहेत. जे कोणी हे काम हाती घेतील त्यांना मी ती वही देईन. माझा पत्ता आपल्या कार्यालयाकडे दिलेला आहे.

आपला नम्र,
एक निवृत्त शिक्षक, ता. खानापूर, जि. बेळगाव