घरच्या पाण्यातल्या भाजीला यंत्र लागत नाही

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

मातीविना शेतीविषयी अलीकडे वृत्तपत्रांच्या पुरवण्यांतून बरेच लिहिले जाते. त्यासोबत बहुधा पांढऱ्या नळ्यांच्या उतरंडीतून डोकावणाऱ्या हिरव्यागार लेट्यूसचे छायाचित्र असते आणि खाली संचाची किंमत असते. ती पाहून शहरातला सामान्य वाचक दोनपैकी एक निष्कर्ष काढतो: हा श्रीमंतांचा छंद आहे, किंवा पैसे भरून संच आणला की भाजी आपोआप उगवेल. हे दोन्ही निष्कर्ष चुकीचे आहेत. मी निवृत्त रसायनशास्त्र शिक्षक असून डोंबिवलीतील आमच्या सदनिकेच्या गॅलरीत पंप, वीज किंवा नळ्या न वापरता, नुसत्या झाकणबंद डब्यांत पालेभाजी घेतो. या विषयाची जी बाजू जाहिरातींत येत नाही, ती आपल्या वाचकांपुढे यावी म्हणून हे पत्र लिहीत आहे.

पाण्यात विरघळवलेल्या क्षारांवर रोप वाढवणे ही नवी गोष्ट नाही. एकोणिसाव्या शतकात जर्मनीतील वनस्पतिशास्त्रज्ञांनी वनस्पतींना कोणती मूलद्रव्ये लागतात हे याच मार्गाने शोधले. कॅलिफोर्निया विद्यापीठातील विल्यम गेरिक यांनी १९३० च्या सुमारास या प्रयोगाला शेतीचे रूप दिले. आपल्याकडेही दुसरे महायुद्ध संपल्यावर लगेच, बंगालमधील कालिम्पाँग येथे जे. शोल्टो डग्लस यांनी खडी-वाळूच्या वाफ्यांत कोरडे क्षार घालून भाजीपाला पिकवण्याची, यंत्रांवर विसंबून नसलेली स्वस्त पद्धत बसवली होती. मी वापरतो ती पद्धत मात्र अमेरिकेच्या हवाई बेटांवरील विद्यापीठातील उद्यानविद्यातज्ज्ञ बर्नार्ड क्रॅटकी यांची आहे आणि ती त्यांच्याच नावाने ओळखली जाते. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधात लेट्यूससाठी अशा न फिरणाऱ्या पाण्याच्या तीन रचना सांगितल्या आहेत. त्यांतली सर्वांत लहान रचना म्हणजे चार लिटरच्या प्लॅस्टिकच्या बाटलीत लावलेले एक रोप.

या पद्धतीचे मर्म एका प्रश्नात आहे. कुंडीत पाणी साचले की तुळस मरते, मग बाटलीभर पाण्यात मुळे बुडवलेले रोप का मरत नाही? मुळांना पाण्याइतकीच प्राणवायूची गरज असते. साचलेल्या पाण्यात तो फार थोडा विरघळतो आणि मुळे तो लवकर संपवतात. म्हणूनच मोठ्या संचांत मत्स्यालयासारखा हवेचा पंप बसवतात किंवा पाणी सतत फिरते ठेवतात. क्रॅटकी यांनी हा पंप काढून टाकला. सुरुवातीला डबा पूर्ण भरायचा, म्हणजे रोप ज्या जाळीदार टोपलीत आहे तिचा तळाकडचा दोन-तीन सेंटिमीटर भाग द्रावणात बुडेल. रोप वाढते, पाणी पिते आणि पातळी खाली जाते. झाकण आणि पाणी यांच्यामध्ये दमट हवेची पोकळी तयार होते. त्या पोकळीत उघडी राहिलेली मुळे पाण्यातल्या मुळांपेक्षा वेगळी होतात. ती आडवी पसरतात, त्यांना बारीक फाटे फुटतात आणि हवेतला प्राणवायू घेण्याचे काम ती करू लागतात. खालची मुळे पाणी आणि अन्न घेतात. पाणी कमी होण्याचा वेग आणि मुळे वाढण्याचा वेग यांचा मेळ रोप स्वतःच घालत असते, आणि मापात भरलेला डबा संपता संपता लेट्यूस काढणीला येते. मधल्या पाच-सहा आठवड्यांत पाण्याला हात लावावा लागत नाही.

इथेच बहुतेक घरांतले प्रयोग फसतात, कारण झाडाला पाणी घालणे हा आपल्याला लहानपणापासून जडलेला संस्कार आहे. डबा अर्धा रिकामा दिसला की कोणीतरी मायेने तो काठोकाठ भरते. हवेला सरावलेली मुळे त्यामुळे बुडतात, त्यांचा श्वास कोंडतो आणि दोन-तीन दिवसांत पाण्यात उभे असलेले रोप माना टाकते. पीक मोठे असेल आणि पाणी घालणे भागच असेल, तर पोकळीचा बराचसा भाग मोकळा ठेवून थोडेच घालावे.

कोकणपट्टीत राहणाऱ्यांसाठी याच कारणाने एक गोष्ट जोडून सांगायला हवी. उघड्या गच्चीवर ठेवलेल्या डब्यात पावसाचे पाणी शिरले की हेच घडते, शिवाय द्रावण पातळ होते ते वेगळेच. जून ते सप्टेंबर या काळात डबे छताखालीच हवेत, आणि छताखाली ऊन नसते. त्यामुळे ठाणे-मुंबईकडे या शेतीचा खरा हंगाम दसऱ्यापासून होळीपर्यंतचा, असे माझे मत आहे. होळीनंतर दुसरी अडचण उभी राहते. पाणी तापले की त्यात प्राणवायू कमी मावतो. २० अंश सेल्सिअसला लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम, तर ३० अंशांना साधारण साडेसात. तापलेल्या पाण्यात मूळकुज करणारी बुरशीही फोफावते. लेट्यूस तर उकाड्यात कडवट होते आणि तुऱ्यावर येते. उन्हाळ्यात ज्यांना प्रयोग चालू ठेवायचा आहे त्यांनी लेट्यूसचा हट्ट सोडून माठ, अंबाडी किंवा मायाळू लावावी. नाळीची भाजी तर मुळातच पाणथळ जागेतली असल्याने तिला हे सारे मानवते. डबे म्हणून औषधांच्या दुकानांत थंड औषधे घेऊन येणाऱ्या थर्माकोलच्या पेट्या मिळाल्या तर उत्तम, कारण त्यांत पाणी उशिरा तापते. साधा डबा असेल तर त्याला बाहेरून आधी काळा आणि त्यावर पांढरा रंग द्यावा. काळ्यामुळे आत उजेड जात नाही आणि शेवाळ धरत नाही, पांढऱ्यामुळे उष्णता परतते. पारदर्शक बाटलीत लोंबणारी मुळे छायाचित्रात छान दिसतात, पण त्या बाटलीतले पाणी लवकरच हिरवे होते.

आता खताविषयी. बाटलीतला मनीप्लांट नुसत्या नळाच्या पाण्यावर वर्षानुवर्षे तग धरतो, पण पालक धरणार नाही, कारण त्याला महिना-दीड महिन्यात पूर्ण वाढायचे असते आणि त्यासाठी सर्व अन्नद्रव्ये पाण्यातूनच मिळावी लागतात. बाजारात यासाठी 'ए' आणि 'बी' अशा दोन बाटल्या चढ्या भावाने विकल्या जातात. त्यांत गूढ असे काही नाही. कॅल्शियम नायट्रेट आणि सल्फेट किंवा फॉस्फेट यांची तीव्र द्रावणे एकत्र केली तर जिप्सम आणि कॅल्शियम फॉस्फेटचा साका तळाशी बसतो आणि तो मुळांच्या उपयोगाचा राहत नाही, म्हणून त्या दोन बाटल्या वेगळ्या ठेवतात, एवढेच. हेच क्षार आपले द्राक्ष आणि डाळिंब बागायतदार ठिबकमधून रोज सोडतात. 'तेरा शून्य पंचेचाळीस' (पोटॅशियम नायट्रेट) आणि 'शून्य बावन्न चौतीस' (मोनोपोटॅशियम फॉस्फेट) ही नत्र, स्फुरद, पालाश यांच्या टक्केवारीवरून पडलेली नावे नाशिक-सांगलीकडच्या कोणत्याही कृषी सेवा केंद्रात घेतली तर विक्रेता लगेच पोत्याकडे वळतो. दहा लिटर पाण्यासाठी ७ ग्रॅम कॅल्शियम नायट्रेट, ३ ग्रॅम १३:००:४५, २ ग्रॅम ००:५२:३४ आणि ४ ग्रॅम मॅग्नेशियम सल्फेट, प्रत्येक आधी वेगळ्या भांड्यात विरघळवून मग एकेक करून त्या दहा लिटरांत ओतले, की मूलद्रव्यांच्या हिशेबात लिटरमागे सुमारे १५० मिलिग्रॅम नत्र, ४५ स्फुरद, १७० पालाश, १३० कॅल्शियम आणि ४० च्या आसपास मॅग्नेशियम मिळते. पालेभाजीला ते पुरेसे आहे. याखेरीज लोहासह चिलेटेड, म्हणजे पाण्यात विरघळलेलीच राहतील अशा रूपातली, सूक्ष्म अन्नद्रव्ये पाकिटावर दिलेल्या प्रमाणात घालावीत. ती अंदाजाने घालू नयेत, कारण बोरॉन किंवा तांबे थोडेसे जास्त झाले तरी झाडाला विषासारखे बाधते. सोनाराच्या काट्याची गरज नाही, पण ग्रॅम दाखवणारा स्वयंपाकघरातला छोटा डिजिटल काटा हवाच.

सहज मिळते म्हणून पुष्कळ जण या जागी १९:१९:१९ वापरतात आणि पाने पिवळी पडली की पद्धतीला दोष देतात. त्या खतातल्या नत्राचा मोठा भाग युरियाच्या रूपात असतो. मातीतले जिवाणू युरियाचे रूपांतर करून तो मुळांना देतात. स्वच्छ पाण्याच्या डब्यात ते जिवाणू पुरेसे नसतात. शिवाय त्यात कॅल्शियम नसते.

पाण्याचा सामू (पीएच, म्हणजे आम्ल-अल्कतेचे माप) साडेपाच ते साडेसहाच्या दरम्यान असावा. तो त्याहून बराच वर गेला तर लोह पाण्यात असूनही मुळांना घेता येत नाही आणि कोवळी पाने शिरा हिरव्या ठेवून पिवळी पडतात. जुनी पाने अशी पडली तर संशय मॅग्नेशियमचा घ्यावा. मत्स्यालयाच्या दुकानात सामू तपासण्याचे थेंब मिळतात, तेवढे घरासाठी पुरतात. तानसा, भातसा, खडकवासला यांसारख्या धरणांचे पाणी मऊ असल्याने मुंबई-पुणेकरांना फार त्रास होत नाही. कूपनलिकेच्या जड पाण्यावर अवलंबून असलेल्यांनी मात्र त्यात विरघळलेले क्षार आधी टीडीएस मीटरने मोजावेत, आणि पाणी मुळातच खारट असेल तर पावसाचे साठवलेले पाणी त्यात मिसळावे.

जाहिरातींतल्या दोन दाव्यांना माझा स्पष्ट आक्षेप आहे. पहिला दावा 'रसायनमुक्त' भाजीचा. वर दिलेली यादी रसायनांचीच आहे, आणि त्यात लाजण्यासारखे काही नाही, कारण शेणखतातले नत्रही मुळे अखेर मुख्यत्वे नायट्रेट किंवा अमोनियम याच रूपात घेतात. घरची भाजी कीटकनाशक न मारता घेता येते हे खरे, आणि तेवढेच सांगावे. मावा तर बाराव्या मजल्यावरही येतो. दुसरा दावा ९० टक्के पाणी वाचण्याचा. पाझरून काही जात नाही आणि झाकणामुळे बाष्पीभवन कमी होते, हे तत्त्वतः बरोबर आहे, पण गॅलरीतल्या आठ-दहा रोपांनी वाचवून वाचवून किती पाणी वाचणार? कपडे धुण्याच्या यंत्राच्या काही फेऱ्या कमी केल्या तरी तेवढे वाचेल. घरी हे करण्याचे खरे कारण ताजेपणा आहे. कोथिंबीर, पुदिना, लेट्यूस यांची हवी तेवढीच पाने जेवणाआधी खुडता येतात, आणि ज्या घरात वीज जाते, माणसे आठवडाभर गावी जातात, तिथेही हा डबा बंद पडत नाही. रोजच्या पालकाच्या जुडीचा खर्च यातून सुटेल असे मी कोणाला सांगणार नाही. गाजर-मुळ्यासारख्या कंदभाज्या या पद्धतीत नीट येत नाहीत, आणि टोमॅटोला वीस लिटरची बादलीही हंगामभर पुरत नाही.

सर्वांत महत्त्वाची बाब डासांची आहे आणि तीच कुठे छापून येत नाही. डेंग्यू पसरवणारा एडिस डास घरातल्या साठलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो आणि उबदार हवेत आठवडा-दहा दिवसांत त्याची पुढची पिढी उडू लागते. म्हणून आरोग्य विभाग आठवड्यातून एक 'कोरडा दिवस' पाळायला सांगतो. आपला डबा तर पाच-सहा आठवडे रिकामा करायचाच नसतो, आणि पाणी जसजसे उतरते तसतशी आत डासांना सोयीची अंधारी, दमट जागा तयार होते. यावर उपाय एकच: झाकण घट्ट हवे, टोपली भोकात फटी न ठेवता बसायला हवी, आणि हवेसाठी किंवा पातळी पाहण्यासाठी पाडलेल्या प्रत्येक भोकावर बारीक जाळी किंवा चिकटपट्टी हवी. रोप काढले की डबा त्याच दिवशी उपडा करावा. उरलेले द्रावण मोरीत न ओतता दुप्पट-तिप्पट पाणी घालून कुंड्यांना द्यावे. महापालिकेच्या तपासनीसाने असा बंदिस्त डबा आणि उघडे पिंप यांत फरक करावा ही अपेक्षा रास्त आहे, पण तो फरक दिसेल अशी व्यवस्था आपण आधी करायला हवी. त्याचबरोबर, एक लिटर पाण्याचे वजन एक किलो असते हे खिडकीबाहेरच्या लोखंडी ग्रिलवर बादल्या मांडणाऱ्यांनी विसरू नये. ती ग्रिले काही क्विंटल भार पेलण्यासाठी केलेली नसतात आणि खाली रस्ता असतो.

या निमित्ताने माझ्या दोन विनंत्या आहेत. विद्राव्य खतांची पाकिटे किलोची आणि पोती पंचवीस किलोची असतात. घरगुती माणसाला लागतात शंभर-दोनशे ग्रॅम. कृषी विद्यापीठांच्या विक्री केंद्रांतून हे चार क्षार आणि सूक्ष्म अन्नद्रव्ये छोट्या पुड्यांत, मराठीत छापलेल्या प्रमाणासह मिळाली, तर महागड्या बाटल्यांची गरज उरणार नाही. दापोलीच्या विद्यापीठाने कोकणच्या दमट उकाड्यात या साठ्या पाण्याच्या पद्धतीत माठ, अंबाडी आणि मायाळू यांचे कोणते वाण टिकतात याची शिफारसही त्या पुडीवर द्यावी. दुसरी विनंती आपणास आहे. यापुढे पुरवणीत अशा शेतीची छायाचित्रे येतील तेव्हा सोबत संचाच्या किमतीऐवजी खताचे प्रमाण आणि झाकणाच्या भोकावरच्या जाळीचा उल्लेख छापावा.

कळावे,
आपला नम्र,
एक वाचक, डोंबिवली (पूर्व)