विंडोज २००० ची आठवण कोणीच काढत नाही

संपादक साहेब, नमस्कार.
जुन्या कम्प्युटरचा विषय निघाला की सगळे विंडोज एक्सपीचंच कौतुक करतात, पण तिच्याआधी फेब्रुवारी २००० मधे आलेली विंडोज २००० कोणाला आठवतच नाही, याचं फार वाईट वाटतं. आमचं जळगावात लग्नपत्रिकांचं डीटीपी, मे महिन्याचं ऊन, त्यात लोडशेडिंग, आधीची सिस्टीम लाईट आली की निळ्या स्क्रीनवर डिस्क तपासत बसायची अन गिऱ्हाईक दारात उभं. २००० टाकली तर एनटीएफएसमुळे (डिस्कवर फाईली ठेवायची पद्धत, बदलांची नोंद ठेवते म्हणून लाईट गेली तरी सावरते) बहुतेक वेळा सरळ डेस्कटॉपच यायचा. १२८ एमबी रॅमवर दिवसभर चालायची, मायक्रोसॉफ्टकडून अ‍ॅक्टिव्हेशन करून घ्यायची भानगड नाही. अहो एक्सपी तिच्यावरच उभी होती, आतल्या एनटी या गाभ्याचं ५.० चं ५.१ एवढंच! जुलै २०१० ला सपोर्ट बंद झाला तरी आम्ही ती काढली नाही.
– एक वाचक, जळगाव