प्रदर्शनासाठी चित्रे देणाऱ्या सभासदांना स्मरण

जपानी लाकडी ठशांची छापचित्रे आणि समकालीन कागदी कामे शुक्रवारी संध्याकाळी ६ पर्यंत आणून द्यावीत. शनिवारी टांगणी आहे.

चित्र सेलोटेपने चिकटवू नका, चारही बाजूंनी तर मुळीच नाही. दमट हवेत कागद फुगतो, कडा अडकल्या असतील तर मधेच लाटा येतात. वरच्या कडेला मागून जपानी कागदाच्या दोनच बिजागऱ्या, गव्हाच्या स्टार्चच्या खळीने लावलेल्या, पुरतात. काच चित्राला टेकता कामा नये. मधे आम्लरहित माउंट (चित्राभोवतीचा जाड पुठ्ठा) हवा, नाहीतर बुरशी धरते.

प्रकाश ५० लक्सच्या (लक्स म्हणजे उजेड मोजायचे एकक) आसपास राहील. अंधारल्यासारखे वाटेल, तक्रार करू नका. जुन्या छापांतला करडईचा लाल आणि आओबाना फुलाचा निळा एकदा उडाला की परत येत नाही. प्रशियन निळा हा कृत्रिम रंग टिकतो, म्हणून एकोणिसाव्या शतकातल्या हिरोशिगे या छापचित्रकाराची आभाळे अजून ठसठशीत दिसतात.

नोंदफॉर्मवर ‘आवृत्ती क्रमांक’ (एकूण किती प्रतींपैकी ही कितवी) फक्त आधुनिक कामांसाठी भरा. एदो काळातल्या (१६०३ ते १८६८) छापांवर तो नसतोच, उगाच शोधू नका. विसाव्या शतकातला छापचित्रकार हिरोशी योशिदा याचे (अजिंठ्यावरही त्याने छापचित्र केले आहे) काम असेल तर समासातला ‘जिझुरी’ (म्हणजे ‘स्वतः छापलेले’) शिक्का नीट पाहा. त्याच्या देखरेखीखाली छापल्याची ती खूण. नंतरच्या छपाईत ती नसते. शिक्का नसेल तर तसेच लिहा, चित्र तरीही घेऊ.

फ्रेमच्या मागे डी-कड्या (इंग्रजी D आकाराच्या धातूच्या कड्या) हव्यात, सुतळी चालणार नाही.